फी थकलेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला अडवायला संस्था सांगते. नोकरी सांभाळून मुख्याध्यापिकेने काय करावं?

मॅडम, तुमची शाळा कोपरखैरण्याची, विनाअनुदानित. मूल सहावीतलं आणि चाललंय महापालिकेच्या शाळेत. मग दाखला द्यायचाच. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 5 सांगतं की दाखला ताबडतोब द्या आणि उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई मुख्याध्यापकावर. अध्यक्षांवर नाही, सचिवांवरही नाही. ‘पगार संस्थेचा खाता, तर ऐका संस्थेचं’ असं नव्या मुख्याध्यापकांना ऐकवणाऱ्यांनी हे कलम एकदा तरी वाचावं. सही त्यांची नसते.

पालकांचा अर्ज लेखीच घ्या, आवक क्रमांक टाकून पोच द्या. तोंडी विनंतीवर ऑफिस ‘उद्या या’ म्हणत राहतं आणि उशिराचा पुरावाच उरत नाही. दाखला जनरल रजिस्टरवरूनच (शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरूनच) उतरवा: आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. प्रगतिपुस्तकावरून उतरवला की नावात फरक पडतो आणि तो दहावीचा फॉर्म भरताना नडतो. शेऱ्यात ‘फी बाकी’ लिहू नका. वर्तणुकीच्या रकान्यात तर मुळीच नाही. बापाची थकबाकी ही मुलाची वर्तणूक नव्हे.

हल्ली खरी अडवणूक ऑनलाइन होते. कागद हातात देतात, पण यू-डायसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर, मूल ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकतच नाहीत. नव्या शाळेला ते ओढून घेता येत नाही. मूल वर्गात बसतं, पोर्टलवर मात्र तुमच्याच शाळेत. लॉगिन क्लार्ककडे असतं, म्हणून दाखल्यावर सही करतानाच ती नोंद समोर बसून करून घ्या.

थकबाकीचं पत्र वेगळं काढा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेलं शुल्कच धरा, हप्ते ठरवा, पालकाची सही घ्या.

राहिली नोकरी. कलमाचा उल्लेख करून संस्थेला टिपण पाठवा आणि लेखी आदेश मागा. तोंडी दबाव आणणारे सहसा कागदावर सही करत नाहीत. बडतर्फ केलंच, तर 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. परिविक्षेत (प्रोबेशनवर) असाल तर मात्र बाजू कमकुवत. आधी वकील गाठा.

आणि हो, कलम 5 आठवीपर्यंतचं आहे. मूल दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जात असेल तरी ते थेट लागू होत नाही. तिथेही दाखला द्यावा असंच माझं मत आहे, पण आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन मागवून फाइलला लावा.