शाळेशी भांडलं तर पोरावर राग काढतील का?

ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाप हा प्रश्न सहसा निघता निघता, आवाज खाली आणून विचारतात. नागपुरातल्या एका आईच्या निमित्ताने त्याचं उत्तर देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दुसरीत. घंटा वाजली की कान दाबून बाकाखाली शिरायचा. शाळा म्हणाली, आमच्याकडे तसा स्टाफ नाही, याला घरीच ठेवा. आई ब्लाउज शिवते. म्हणाली, "मॅडम, दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते मी. पण मोठ्या मॅडमसमोर गेली की तोंडातून शब्द नाही निघत. बाबासाहेबांसारखी हिंमत आपल्यात कुठली?"

मी तिला महाडचं विचारलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 मध्येच झाला होता. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी दलितांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले.

"म्हणजे मागायला नव्हते गेले," ती म्हणाली.

तुमच्याकडेही कागद आहे, म्हटलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम येतो. कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या.

रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंचंही सांगितलं, कारण त्याही शिवणकाम करायच्या. अमेरिकेतल्या माँटगोमेरीत 1 डिसेंबर 1955 ला त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही. तोवर त्या नागरी हक्क चळवळीत बरीच वर्षं काम करत होत्या. तिथल्याच कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी त्याच रात्री बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं काढली. मग 381 दिवस कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढले नाहीत. ही गोष्ट एकट्या बाईच्या धाडसाची म्हणून सांगतात, त्याचा मला रागच येतो. ऐकणारी आई उगीच स्वतःला कमी लेखते.

राग काढतील का? कधी कधी काढतात. म्हणून तोंडी भांडायचं नाही. अर्ज लेखी द्यायचा, त्याची पोच घ्यायची, सोबत दुसरे पालक न्यायचे. आणि काय मागायचं ते आधी मुलाला विचारायचं. तो फारसा बोलत नाही, म्हणून चित्रं ठेवली. आईचा हट्ट पहिल्या बाकाचा होता. त्याने ते चित्र सरकवून दिलं आणि हेडफोनचं उचललं. अर्जातून पहिला बाक गेला.

हेडफोन मिळाला, घंटेआधी वर्गाबाहेर जायची मुभाही मिळाली. वर्गशिक्षिका अजून कपाळाला आठ्या घालतात. स्नेहसंमेलनात घेणार का, याचं उत्तर मात्र आलेलं नाही. दुसरा अर्ज तिने मला न दाखवताच दिला. त्यालाही उत्तर नाही आलं, तर पुढचा कागद पुण्याला, दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाईल.