मोट, रहाट आणि संत तेरेसाचं दुसरं पाणी

प्रश्न असा आलाय: "आविलाच्या संत तेरेसाचं आत्मचरित्र वाचतोय. प्रार्थना समजावताना ती बागेला पाणी घालायच्या चार पद्धती सांगते. त्यातल्या दुसऱ्या पद्धतीला मराठीत मोट म्हणावं का? की रहाट? दोन्ही एकच ना?"

एकच नाहीत हो! विहिरीतून पाणी काढायचं जे काही जुनं असेल त्याला सरसकट मोट म्हणायची सवय लागलीय लोकांना, प्रवचनात ऐकतो, शाळेच्या कार्यक्रमांत ऐकतो, प्रत्येक वेळी जीव तुटतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली जाणाऱ्या उतारावरून, उतरतात तेव्हा ती भरून वर येते, रिकामी होते, बैल मागे सरतात, पुन्हा खाली जाते. पाणी येतं ते खेपेखेपेनं. रहाटाचं तसं नाही, त्याच्या चाकावर गाडग्यांची माळ असते, चाक फिरतंय तोवर माळेतलं एक गाडगं ओततंय आणि त्याच वेळी दुसरं भरतंय, धार तुटत नाही. मोट देशावरची, रहाट आमच्या किनारपट्टीचा. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, केळी आणि पानवेली कशावर भिजायच्या ते सांगतील.

(तेरेसा कोणती हेही सांगून टाकतो कारण त्यातही घोळ चालतो. ही स्पेनची, १५१५ ते १५८२, कार्मेल संघाची जोगीण, सतरा मठ उभे करणारी. कोलकात्याच्या मदर तेरेसा वेगळ्या, आणि त्यांनी नाव घेतलं ते हिच्यावरून नाही, फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेझवरून.)

आता मूळ स्पॅनिश शब्द बघा, मला यातच खरा आनंद आहे. तेरेसा लिहिते 'नोरिया' आणि 'आर्कादुसेस'. नोरिया म्हणजे पाणी उपसायचं चाक आणि आर्कादुसेस म्हणजे त्याला बांधलेली भांडी. म्हणजे रहाट आणि गाडगी, शब्दाला शब्द! आणि दोन्ही शब्द अरबीतून आलेले. नोरिया आला 'नाऊरा'वरून, त्याच्या धातूत कण्हण्याचा, घोगऱ्या आवाजाचा अर्थ आहे, ज्यानं लाकडी चाकाची कुरकुर ऐकलीय त्याला वेगळं सांगायला नको. आर्कादुस आला 'अल-कादूस'वरून, आणि तो त्याच्याही मागे ग्रीकमधल्या घड्याच्या शब्दापर्यंत जातो. स्पेनवर शतकानुशतकं अरबांचं राज्य होतं, शेताला पाणी पाजायची विद्या त्यांची, म्हणून शब्दही त्यांचे. तेरेसाचे स्वतःचे आजोबा तोलेदोचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले आणि धर्मन्यायालयानं शिक्षा दिलेले. अशा घरातली बाई देवाबद्दल बोलताना अरबी रहाट फिरवते, मला हे फार मोठं वाटतं.

आणि आपला रहाट? संस्कृत 'अरघट्ट', प्राकृत 'अरहट्ट', तिथून रहाट, हिंदीत रहट. अर म्हणजे चाकाची आरी. इथवर वाद नाही. पुढचं माझं मत आहे आणि मी ते सोडणार नाही: 'रहाटणे' म्हणजे वागणे, 'रहाटी' म्हणजे वागायची रीत, कोकणातली 'गावरहाटी' म्हणजे गावाची ठरलेली रीतभात, हे सगळे याच रहाटाचे. ज्ञानेश्वरीत 'राहाटणे' वागण्याच्या अर्थानं येतं, म्हणजे शब्द जुना आहे. काही विद्वान ठामपणे 'राहणे'वरून काढतात. मग मला सांगा, तो 'ट' कुठून आला? आकाशातून पडला? रहाटात तो अरघट्टापासून बसलेलाच आहे. गावरहाटीत मान, पाळ्या, सण त्याच क्रमानं फिरत येतात, गाडग्यांच्या माळेसारखे. 'राहणे'वाल्यांनी आधी त्या 'ट'चा हिशोब द्यावा, मग बोलू.

आपल्याकडे रहाटगाडगं म्हटलं की कंटाळा, संसाराचं ओझं, तेच ते आणि तेच ते. संस्कृतातला कूपयंत्रघटिकान्याय, म्हणजे विहिरीवरच्या रहाटाच्या घड्यांचा दाखला, तोही नशिबाचा, एक घडा भरतो एक रिता होतो. तेरेसाला मात्र त्याच चाकात सुटका दिसते. पहिलं पाणी म्हणजे विहिरीतून हातानं शेंदणं, सगळा घाम आपला, आणि कधी विहीरच कोरडी. हे ती ऐकीव सांगत नाही, कित्येक वर्षं प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे तिचे कान असायचे, स्वतःच लिहून ठेवलंय. तरी शेंदणं सोडायचं नाही, बाग आपली नाही, धन्याची आहे, कोरड्या विहिरीवरही चाकरी करायची, एवढं तिचं म्हणणं. दुसरं पाणी रहाटाचं, कष्ट कमी आणि पाणी जास्त, मन निवायला लागतं. इथे ती हळूच म्हणते की असं पाणी मी स्वतः काही वेळा काढलंय. हे वाक्य मला सगळ्यात आवडतं, उपमा पुस्तकातून उचललेली नाही, हाताला घट्टे पडलेले आहेत. तिसरं नदी-ओढ्याचं, माळ्यानं फक्त पाट वळवायचा. चौथा पाऊस, तिथे माळ्याला काहीच करायला उरत नाही.

तर भाषांतरात रहाटच लिहा. मोट लिहिलीत तर ती न तुटणारी धार गेली, आणि दुसऱ्या पाण्याची गंमत तीच आहे. भांड्यांना गाडगी म्हणा, पोहरे नको. पोहरा पहिल्या पाण्यासाठी राखून ठेवा, तिथे दोर आणि हातच लागतात.