वर्गात ३८वी आली म्हणून गणित सोडायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही अहमदपूर तालुक्यातले. मुलगी सातवीपर्यंत गावच्या झेडपी शाळेत होती, कायम पहिला नंबर, सर म्हणायचे ही गणितात पुढं जाणार. आठवीपासून लातूरला रूम केलीय, मी तिच्याजवळ राहते. आता दहावीत आहे. सहामाहीला गणितात ८० पैकी ६६ पडले पण साठ लेकरांत ३८वा नंबर. विज्ञान भाग २ मध्ये (बायो त्यातच येतं) ४० पैकी ३१, तिथं नंबर नववा. शाळा हे नंबर व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकते. आता ती म्हणायलीय, मम्मी मला गणित जमत नाही, मी बायोचीच आहे, अकरावीला मॅथ्स घेणार नाही. तिचे पप्पा म्हणतेत मग डॉक्टरकीची नीट परीक्षाच करू दे, लातूरला आलो कशाला. काय करावं?

उत्तर: ताई, आधी ते आकडे परत बघा. गणितात शंभरातले साडेब्याऐंशी, विज्ञान दोनमध्ये साडेसत्त्याहत्तर. ज्यात जास्त मार्क तो विषय 'जमत नाही' आणि ज्यात कमी तो 'माझा'! (पेपर सोपा अवघड असतो, त्यामुळं दोन विषयांचे मार्क असे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे मान्य, पण ६६ ला 'जमत नाही' कोण म्हणतं?) हे सगळं नंबरानं केलंय. आणि नंबर काढायला एकटी तुमची मुलगी पुरत नाही, बाकीची एकोणसाठ लेकरंही लागतात, ती लातूरला कोण असतात तुम्हाला माहितीच आहे, नांदेड, परभणी, धाराशिव, बीड, जिथून तिथून आपापल्या शाळेतले पहिले आलेले, त्यात कितीतरी जण आठवीपासून इंजिनिअरिंगच्या जेईई परीक्षेच्या फाउंडेशन क्लासला बसलेले. हेच ६६ घेऊन ती गावात असती तर बहुतेक पहिली आली असती आणि आज मॅथ्ससाठी हटून बसली असती.

हे फक्त आपल्याकडचं नाही. रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांचा इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास २०२० साली छापून आला. हुशारी सारखीच असली तरी प्राथमिक शाळेत ज्याचा नंबर वर होता त्याचे पुढं माध्यमिकला मार्कही चांगले आले, आत्मविश्वासही जास्त राहिला आणि कोणते विषय घ्यायचे यावरसुद्धा त्या जुन्या नंबराचा परिणाम दिसला, तोही नवीन शाळेतल्या मास्तरांना तो नंबर माहीत नसताना. हा परिणाम मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त निघाला, आणि शेवटी गणित घेणाऱ्यांत मुलं जास्त, मुली कमी दिसतात त्याला याचाही हातभार आहे असं त्यांनी मांडलंय.

मी स्वतः आर्ट्सला गेले कारण दहावीला इंग्रजीत वर्गात पहिली होते. आमच्या वर्गात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं ही गोष्ट वेगळी.

आता करायचं काय. बोर्डाच्या गणित भाग १ आणि भाग २ च्या जुन्या प्रश्नपत्रिका आणा, रविवारी घरी घड्याळ लावून सोडवू द्या, नंबर नाही काही नाही. मार्कांपेक्षा चुका बघा, रीतच कळली नव्हती का घाईत चिन्ह चुकलं. अडलेल्या गणिताला ती अर्धा तास स्वतःहून चिकटून बसते का तेही बघा, आणि बायोचं पुस्तक परीक्षा नसताना उघडते का तेही. खरंच बायो आवडत असेल तर खुशाल घेऊ द्या, नीटला मॅथ्स लागत नाही. पण मॅथ्स सोडलं की जेईई गेलं, इंजिनिअरिंगच्या सीईटीचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपही गेला, हे तिला आत्ताच माहीत पाहिजे. ठरतच नसेल तर अकरावीला पीसीएमबी, म्हणजे त्यातच बायोही, घेऊन दोन्ही ठेवता येतात, फक्त अभ्यास दुप्पट वाटतो, आधीच सांगते.

तिच्या पप्पांना म्हणावं, लातूरला आलो हे नीटची परीक्षा द्यायचं कारण होऊ शकत नाही. आणि शाळेत भेटून मुलीचा नंबर ग्रुपवर टाकू नका असं स्पष्ट सांगा, आणखी दोन चार पालक सोबत घेतले तर ऐकतात. घरी मात्र पेपर दिल्यावर 'कितवी आलीस' हा प्रश्न तुम्हीच बंद करायचा, तो ग्रुपवर नसतो.