पणजोबांचा माग

प्रश्न : आजोबा अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातून सोलापुरात गिरणीत कामाला आले. पणजोबांचं फक्त नाव ठाऊक आहे. जुन्या जनगणनेत ते सापडतील का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जनगणनेच्या नादी लागू नका. 1948 च्या कायद्याने घराघरातली माहिती गोपनीय असते, हाती येतात ते नुसते आकडे.

आधी आजोबांच्या शाळेचा दाखला काढा. त्यावरून मूळ गाव पक्कं होईल. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात त्या गावाचा नमुना नंबर 14, म्हणजे कोतवाल बुक, मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात, बऱ्याचदा मोडी लिपीत. वाचणारा जाणकार सोबत न्या. माझ्या आजीची नोंद मी दोनदा ओलांडून पुढे गेले होते, कारण तिचं नावच तिथे नव्हतं. बापाच्या नावापुढे फक्त ‘मुलगी’. तारीख जुळली तेव्हा त्या एका शब्दावर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसून राहिले.

लग्नाची सरकारी नोंद त्या काळी क्वचितच व्हायची. त्यापेक्षा ट्रंकेतली आहेराची वही शोधा. कोणत्या गावच्या मामाने लुगडं दिलं, कोणी सव्वा रुपया, हे वाचता वाचता सोयरिकी उलगडतात. गावात हेळवी येत असतील तर त्यांनाही गाठा, पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ ते सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्याही पाहा, यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं त्यांत असतात.

पण सगळ्यांत आधी घरातल्या थोरल्या आत्याकडे जाऊन बसा. याच आठवड्यात.