जून लाकूड आणि जुनं लाकूड

प्रश्न असा आहे: झाडाच्या वाढीवरच्या मजकुरात ‘लाकडाच्या पेशी परिपक्व होतात’ याऐवजी ‘जून होतात’ लिहिलं तर चालेल का? की ‘जून’ म्हणजे म्हातारं?

चालेल. मला तर तोच शब्द जास्त नेमका वाटतो. संस्कृत ‘जॄ’ धातूपासून जीर्ण आणि जूर्ण, प्राकृतात जुण्ण, आणि तिथून मराठीत जुना नि जून ही सख्खी भावंडं. (जरा, जरठ हीसुद्धा त्याच घरातली.) पण पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘जुना’ काळ मोजतो, ‘जून’ पोत सांगतो. सकाळी तोडलेली फांदी जून असू शकते आणि 50 वर्षांचं जुनं फळकूट मुळात कोवळ्या लाकडाचं असू शकतं. शिवाय जुना-जुनी-जुनं असं रूप बदलतं; ‘जून’ मात्र कुणापुढे वाकत नाही: जून बांबू, जून फांदी, जून पान.

बांबूच बघा. कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो, पुढे जाडीही वाढत नाही. तरी जून व्हायला त्याला आणखी 2-3 वर्षं लागतात.

लाकडाच्या पेशीतही आधी वाढ, मग जूनपणा. सालीच्या आत कँबियमचा, म्हणजे ऊतककराचा, पातळ थर असतो. त्यातून आतल्या बाजूला पडलेली पेशी पाणी घेऊन फुगते, ताणली जाते. ते थांबत आलं की भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात, त्यांत लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, मुरतं. पाणी वाहणाऱ्या पेशीत तर शेवटी जीवद्रव्यच विरघळून जातं आणि पोकळ नळी उरते. मेल्यावरच ती खरी कामाला लागते! हे सगळं काही आठवड्यांतलं, म्हणून ‘म्हातारी’ म्हणायला जागा नाही. आणि ‘परिपक्व’ म्हटलं की डोळ्यांपुढे पिकून मऊ झालेलं फळ येतं. इथे तर पेशी टणक होते.

एक सांभाळा. सुतार ‘जून लाकूड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेकदा गाभा असतो, पुस्तकातलं मध्यकाष्ठ. तो पुष्कळ नंतर तयार होतो: आतल्या भागात उरलेल्या जिवंत पेशीही मरतात, राळ-टॅनिनसारखी द्रव्यं साचतात, बऱ्याच झाडांत रंग गडद होतो. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात येणार असतील तर पेशीला ‘जून’ म्हणा आणि लाकडाला सरळ ‘गाभा’.