जिम जमत नाही. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये योग किंवा ताई ची या सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाने खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान?

तुमची कंबर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि उपाशीपोटीची साखर, तिन्ही वाढलेली आहेत आणि गुडघ्यांमुळे पळणं बंद आहे, असं तुम्ही लिहिलंय. मलाही हेच निदान झालं होतं, फक्त माझ्याकडे ट्रायग्लिसराइडच्या जागी रक्तदाब होता. कंबर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल (HDL), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर, या पाचपैकी तीन गोष्टी बिघडल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव लागतं.

फरक पडतो. २०२१ साली हाँगकाँगमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढचे, पोट सुटलेले ५४३ जण होते. एका गटाला ताई ची, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. आठवड्यातून तीनदा, तासभर, १२ आठवडे. तिसऱ्या गटाच्या तुलनेत ताई चीवाल्यांची कंबर सरासरी १.८ सेंटिमीटरने उतरली, व्यायामवाल्यांची १.३ ने. आकडा लहान वाटेल, पण नेहमीच्या व्यायामापेक्षा ताई ची कमी पडली नाही, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं.

मात्र हे शवासनासारखं आरामाचं काम समजून करू नका. ताई चीच्या माझ्या पहिल्या तासाला शिक्षकांनी एवढंच करायला लावलं: गुडघे किंचित वाकवायचे, पाठ ताठ, आणि एका पायावरचं वजन दुसऱ्यावर न्यायचं. पाय पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. पाचव्या मिनिटाला माझ्या मांड्या लटलटायला लागल्या. खरं काम होतं ते तिथेच. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या आणि नितंबांत असतात. योग करणार असाल तर उत्कटासन, वीरभद्रासन अशी उभ्याने करायची आसनं जास्त ठेवा. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यायचा नाही. दुखलं तर कमी वाका, पण अगदी ताठ उभे राहू नका.

मनाचा भागही पोकळ नाही. सततच्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं, ते यकृताला साखर सोडायला लावतं आणि चरबी पोटाकडे वळवतं. सावकाश श्वास, मिनिटाला साधारण सहा, यांनी रक्तदाब थोडा उतरतो. माझ्यापुरतं सांगायचं तर सगळ्यात आधी सुधारली ती झोप, आणि त्यामुळे रात्रीचं खाणं आपोआप कमी झालं.

रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरू नका. शीर्षासन, सर्वांगासन नकोच. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामानंतर साखर एकदम खाली जाऊ शकते. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, ही कळकळीची विनंती. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरायला हवीत. ताई चीने ती पूर्ण होत नसतील तर उरलेली सपाट रस्त्यावर चालून भरा.

वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द मानतात. आज मोजून तारखेसह लिहून ठेवा आणि १२ आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा मोजा.