खोक्यावरचे सोळा किलोमीटर

प्रश्न : मी कन्नडला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. डिसेंबरात चोवीस मुलं-मुली घेऊन अंतूरच्या किल्ल्यावर जायचंय. नागापूर सोडलं की फोनचा भरवसा नसतो, म्हणून वॉकीटॉकी घ्यायचा विचार आहे. एका जोडीच्या खोक्यावर '१६ किलोमीटर' छापलंय. सहकारी म्हणतात, पाच वॅटचा घ्या, लांब जातो. काका, नेमकं काय घेऊ?

उत्तर : सर, ते सोळा किलोमीटर खोटे नाहीत, पण ते तुमच्या वाटेवरचे नाहीत. एक माणूस कड्यावर, दुसरा खाली माळावर आणि मधे काहीच नाही, असं असेल तर तेवढं भरतंही. सपाट रानात दोघं उभे राहिले, तर साधारण दहा किलोमीटरपुढे जमिनीची गोलाईच आड येते. हातातला अर्ध्या वॅटचा सेट आपल्या शिवारात दीड-दोन किलोमीटर चालला तर मी खूश असतो. गावात, घरांच्या गर्दीत, चार-पाचशे मीटर.

अंबाजोगाईत तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे खोक्यावरच्या आकड्यांशी माझं जुनं भांडण आहे. अंतूरवर आम्ही दोन सेट घेऊन गेलो होतो. मी बुरुजावर, मित्र खालच्या वाटेवर. दिसत होता तोवर आवाज असा, की जणू शेजारीच बसलाय. तो डोंगराच्या सोंडेआड वळला आणि नुसती खरखर. अंतर अर्धा किलोमीटरही नव्हतं. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे भुयारी वाटेत, तर चार पावलं आत गेलो की बाहेरचा गप्प. काळ्या पाषाणापुढे वॅटचं काही चालत नाही.

पाच वॅटचंही तेच. ताकद दहापट झाली म्हणून अंतर दहापट होत नाही. मोकळ्यात हिशेबाने फार तर तिप्पट, आणि डोंगर आड आला की दोघंही सारखेच मुके. शिवाय तसला सेट परवान्याशिवाय घेणं बहुधा कायद्यात बसत नाही. आपल्याकडे सामान्य माणसाला अशा वॉकीटॉकीवर विनापरवाना बोलायला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा वारंवारितेचा पट्टा आहे, तोही केंद्र सरकारची ईटीए, म्हणजे उपकरणाला मिळालेली मान्यता असेल तरच. स्वस्त पाच वॅटवाले सेट बहुधा १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० असा मोठा पट्टा धुंडाळतात. त्यात पोलिसांची बोलणीही सापडू शकतात, आणि ती ऐकणं हाच गुन्हा. असे सेट ऑनलाइन सर्रास विकले जाऊ लागले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विक्रेत्याला सरळ विचारा, 'वारंवारिता किती? ईटीए दाखवा.' चाचरला तर दुसरं दुकान.

तेव्हा ४४६चे तीन सेट घ्या, दोन नको. एक पुढे, एक मागे, आणि तिसरा अशा मुलाकडे जो सोंडेच्या टोकावर थांबेल आणि दोन्हीकडचं ऐकून पुढे सांगेल. हा निरोप्या सगळ्या वॅटांपेक्षा उपयोगी. चॅनल एकच ठेवा. 'प्रायव्हसी कोड' नावाची भानगड असते, ती बंदच ठेवा. त्याने बोलणं गुप्त राहत नाही, फक्त दुसऱ्यांचा आवाज तुमच्या कानावर येत नाही. एका सहलीत एका पोराने खेळताखेळता कोड बदलला, आणि अर्धा तास आम्ही त्याला हरवला म्हणून शोधत होतो. तो बिचारा आम्हालाच हाका मारत होता.

मुलांना निघण्याआधी मैदानावर तासभर सराव द्या. बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. सेट तोंडापाशी, अँटेना उभी. कमरेला लटकवून बोललं की स्वतःचं अंगच आड येतं. धूळ-पाण्यासाठी आयपी६७ लिहिलेला मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. आणि गाडीच्या काचेमागे उन्हात बॅटरी ठेवू नका, आपलं ऊन डिसेंबरातही कमी नसतं.

भूगोलाचे शिक्षक असाल तर पोरांना हॅम रेडिओची, म्हणजे हौसेने परवाना काढून रेडिओवर बोलणाऱ्यांची, परीक्षा द्यायला सांगा. वय बारा पूर्ण लागतं. पास झालं, परवाना मिळाला की 'व्हीयू'ने सुरू होणारी, रेडिओवर ओळख सांगायची स्वतःची खूण मिळते. किल्लारीला १९९३ मध्ये भूकंपानंतर हे हौशी लोक धावून आले होते. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळं गेलं. असो.

प्रश्न : परांडा तालुक्यात सीना नदीकाठी आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, आहे. २०२५च्या सप्टेंबरात पाणी चढलं, लाईट गेली, फोन बंद. मोठे भाऊ रात्रभर जनावरांपाशी. गाव दीड किलोमीटर. वॉकीटॉकी कामाला येईल का?

उत्तर : येईल, पण दुसऱ्या टोकाला जागा माणूस पाहिजे. गावात गढी असेल तर तिथला उंचवटा सोडू नका, एक सेट तिथंच. उन्हाळ्यातच एकदा आखाड्यावरून बोलून बघा, बाभळी-लिंबांच्या आडून कुठं उभं राहिलं की लागतो ते पक्कं करा आणि त्या जागेवर दगड ठेवा. पेन्सिल सेलवर चालणारा सेट घ्या. लाईट नसेल तर चार्जर काय कामाचा? सेल सेटमध्ये न ठेवता वेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी वाढत असेल तर रात्रभर चालू ठेवू नका. दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं, दोघांनी घड्याळ मिळवून. दोनदा उत्तर आलं नाही तर गावातल्याने लगेच तलाठ्याला, सरपंचाला उठवायचं आणि ११२ लावायचा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा फोन लागू शकतो. पण पाणी ओट्याला लागायच्या आत दावी सोडा. वॉकीटॉकीने म्हैस ओढून काढता येत नाही.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून जोडी आणली आहे. वापरू का?

उत्तर : नका वापरू, ताई. तिकडचे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि तो पट्टा आपल्याकडे विनापरवाना नाही. पुढच्या खेपेला उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणतो म्हणाला तर तेही नको म्हणा, परवानगीशिवाय ते बाळगल्याने विमानतळावर माणसं अडकली आहेत. जोडी परत जाईल तोवर सेल तेवढे काढून ठेवा, गळले की आतले पत्रे हिरवे पडतात.